तिसरी डबी

चित्राताईंच्या नाकाचा अख्ख्या सोसायटीत दरारा होता. डोंबिवलीत नांदिवली रस्त्याला चार मजल्यांची जुनी इमारत, सोळा बिऱ्हाडं, आणि त्यातल्या कुणीही गोडा मसाला भाजायला घेतला की चित्राताईंना बोलावणं जायचंच. त्या यायच्या, कढईपासून हातभर लांब उभ्या राहायच्या आणि सांगायच्या, "अजून दोन मिनिटं," नाहीतर "उतरव, धणे लागतील आता." ढवळून बघणं नाही, चाखणं नाही. सासष्टाव्या वर्षीही दर एप्रिलात बाहेरच्या ओळखीच्या पंधरा घरांचा मसाला त्या स्वतः करून द्यायच्या. बाईला गर्व होता तो एवढाच, आणि तेवढा असायला कुणाची हरकत नसावी.

नवऱ्याला सगळे भाऊ म्हणत. ते अंबरनाथच्या एका कारखान्यात ड्राफ्ट्समन होते. यंत्रांचे नकाशे काढण्यात छत्तीस वर्षं गेली. अक्षर छापल्यासारखं. मसाल्याच्या बरण्यांवरची लेबलं तेच लिहायचे. सात वर्षांपूर्वी ते अक्षर बारीक होत होत मुंगीएवढं झालं, चालताना उजवा हात हलेनासा झाला, आणि डॉक्टरांनी कागदावर लिहून दिलं, पार्किन्सन. तेव्हापासून लेबलं चित्राताई लिहू लागल्या. बाकीचंही सगळं त्याच करत. भाऊंना कुशीवर वळवणं, शर्टाची बटणं, दाढी, गोळ्यांच्या वेळा, जेवताना ठसका लागला की पाठीवर हात. मुलगी उर्वी ठाण्याला, वर्तकनगरला. तिची नोकरी, तिची दोन मुलं. ती म्हणायची, "आई, एक बाई ठेवू या आता." चित्राताई म्हणायच्या, "मी मेल्यावर ठेव."

तो प्रयोग शोधून काढला तो उर्वीनेच. घोडबंदर रोडवरच्या एका रुग्णालयात पार्किन्सनच्या चाळीस लोकांवर उजेडाचे उपचार करून बघणार होते. पोटावर तांबड्या दिव्यांचा पट्टा बांधायचा, आठवड्यातून तीन वेळा, बारा आठवडे. चित्राताईंना आधी हसूच आलं. मेंदूचा आजार आणि दिवे पोटावर, म्हणजे दुखणं म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला अशातली गत, असं त्या फोनवर म्हणाल्यासुद्धा. पण उर्वी हट्टाला पेटली, तशा गेल्या.

डॉक्टर वल्लरी गुप्ते चाळिशीच्या, तोंडावर स्पष्ट बोलणाऱ्या. त्यांनी दोघांना समोर बसवून नीट समजावलं. "काकू, आपल्या आतड्यात कोट्यवधी जिवाणू असतात. दह्यात असतात तसेच समजा, फक्त शेकडो जातींचे. पार्किन्सनच्या लोकांमध्ये त्यांचा मेळ बिघडलेला दिसतो. कित्येकांचं पोट तर हात थरथरायच्या कितीतरी वर्षं आधीपासून साफ होत नसतं. म्हणजे रोग कदाचित पोटातूनच वर चढत असेल. नक्की कुणालाच माहीत नाही. उजेडाने ते जिवाणू बदलतात का, आणि ते बदलले तर माणसाला काही फरक पडतो का, एवढंच आम्ही बघतोय. हे औषध नाही. खोटी आशा मी लावणार नाही."

"मग आम्हाला यातून काय मिळणार?" चित्राताईंनी विचारलं. त्यांना आडून विचारायची सवयच नव्हती.

"बारा आठवडे झाले की पुढचा टप्पा आहे. त्यात पट्टा सहा महिने घरी न्यायला मिळेल. पण ज्यांचे शौचाचे तिन्ही नमुने वेळेत येतील त्यांनाच. एक सुरुवातीला, एक सहा आठवड्यांनी, एक बाराव्या आठवड्यात."

भाऊ तोवर भिंतीकडे बघत बसले होते. त्यांचा चेहरा आताशा फारसा हलत नसे, त्यामुळे ऐकतायत की नाही हेच कळायचं नाही. ते एकदम म्हणाले, "पट्टा घरी देणार?" आवाज इतका बारीक की गुप्ते मॅडमना पुढे वाकावं लागलं.

"हो काका."

"मग मी येतो."

चित्राताई बघतच राहिल्या. गेल्या तीन वर्षांत कुठल्याही डॉक्टरला हा माणूस आपणहून हो म्हणाला नव्हता.

पहिल्याच दिवशी वासाची तपासणी झाली. सोनल नावाची चोवीस-पंचवीस वर्षांची मुलगी या लोकांचं सगळं बघायची, वेळापत्रक, फॉर्म, फोन. तिने बारा छोट्या बाटल्या मांडल्या आणि एकेक भाऊंच्या नाकाशी धरली. भाऊ प्रत्येक वेळी मान हलवून नाही म्हणत होते. लवंग नाही, कॉफी नाही, साबण नाही. चित्राताईंना राहवेना. त्यांनी शेजारच्या खुर्चीतून हात लांबवून एक बाटली उचलली, हुंगली. दुसरी उचलली. मग म्हणाल्या, "अगं सोनल, या बाटल्या उडून गेल्यात गं. काही राहिलेलं नाही यांच्यात. नव्या मागव."

"काकू, परवाच आल्यात," सोनल हसत म्हणाली.

"मग तुम्हाला दुकानदाराने गंडवलंय. मला शिकवू नकोस, माझं आयुष्य मसाल्यात गेलं."

सोनल पुन्हा हसली आणि फॉर्मवर भाऊंच्या नावापुढे बारापैकी शून्य लिहिलं. तिथे दुसऱ्या कुणाचा फॉर्म नव्हताच.

मग डिसेंबरपासून फेब्रुवारीपर्यंत सोमवार, बुधवार, शुक्रवार. उर्वीने गाडी लावून दिली होती. गाडी मोठागावच्या नव्या पुलावरून माणकोलीला निघायची आणि कापूरबावडीच्या पुढे अडकायची ती अडकायचीच. पाऊण तास उजेडासाठी चार तास रस्त्यावर. भाऊ खाटेवर पडायचे, सोनल पोटावर पट्टा बांधायची आणि तांबडा उजेड पडायचा. चित्राताई शेजारच्या खुर्चीत बसून डावा खांदा चोळत राहायच्या. वर्षभर तो आखडला होता. भाऊंना उचलून उचलून दुसरं काय होणार, असं त्या म्हणायच्या, आणि ते कुणालाही पटायचं.

नमुन्यांचा प्रकार मात्र विलक्षण होता. डबीत घ्यायचं, दोन पिशव्यांत बांधायचं आणि रुग्णालयाची गाडी न्यायला येईपर्यंत घरच्या फ्रीजरमध्ये ठेवायचं. आता ज्या फ्रीजरमध्ये आमरस असतो, संकष्टीच्या मोदकांसाठी खवलेला नारळ असतो, त्यात हे. चित्राताईंनी पहिल्या वेळी फ्रीजर रिकामा केला, नारळ वरच्या मजल्यावरच्या शेजारणीकडे, मंजुळाकडे नेऊन ठेवला आणि देवासमोर उभं राहून स्पष्ट सांगितलं, "हे तुला चालवून घ्यावं लागेल. माझा इलाज नाही." मग दोन दिवस फ्रीजर पुसत होत्या.

आणि सहाव्या आठवड्यात एका सकाळी त्या उठून बघतात तर भाऊ उजव्या कुशीवर. रात्री झोपताना त्यांनी डाव्या कुशीवर निजवलं होतं. म्हणजे माणूस स्वतःचा स्वतः वळला होता. चित्राताईंनी त्यांना उठवून विचारलं, "तुम्ही वळलात?" भाऊ म्हणाले, "वळलो." नंतर एकदा शर्टाची खालची दोन बटणं त्यांनी स्वतः लावली, वीस मिनिटं लागली, पण लावली. गुप्ते मॅडम म्हणाल्या, एवढ्यावरून काही ठरवू नका, असे चांगले-वाईट दिवस येतात. ठरवू नका म्हणे. ज्या बाईने चार वर्षं रोज रात्री तीनदा उठून नवऱ्याला वळवलंय तिने ठरवायचं नाही तर कुणी? चित्राताईंनी तेव्हाच पक्कं केलं, काहीही होवो, तो पट्टा घरी यायलाच पाहिजे. कारण त्यांच्या अंगातली ताकद त्यांना आता पुरत नव्हती. खांदा वर जात नव्हता. ही गोष्ट त्यांनी उर्वीलासुद्धा सांगितली नव्हती.

तिसरा नमुना फेब्रुवारीच्या एका मंगळवारी, चार वाजेपर्यंत द्यायचा होता. आधीचे पंधरा दिवस इसबगोल नाही, एरंडेल नाही, जेवणात बदल नाही, अशी सक्त ताकीद. आणि भाऊंचं घोडं तिथेच अडलं. बुधवार गेला, गुरुवार गेला. शुक्रवारी पोट दगडासारखं झालं. रविवारी चित्राताईंनी त्यांना संडासात तासभर बसवलं, बाहेर स्टुलावर बसून राहिल्या, आत नुसती शांतता. सोमवारी भाऊंनी बसायलाच नकार दिला. मंगळवारी दुपारी अडीच वाजता चित्राताई हातात रिकामी डबी घेऊन स्वयंपाकघरात उभ्या होत्या आणि गाडी निघाल्याचा मेसेज आला होता.

सोनलला एक फोन करायचा होता. बस, एवढंच. त्यांनी दोनदा नंबर लावला आणि दोनदा कापला. तशा चित्राताई बोलायला कुणाला हार जाणाऱ्या नव्हत्या. सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरीला त्यांनी उभं-आडवं घेतलेलं होतं. पण नवऱ्याला सहा दिवस झाली नाही, हे मुलीपेक्षाही लहान पोरीला फोनवर सांगायचं, ती ते सगळ्यांसमोर कागदावर लिहिणार, याने त्यांची जीभच उचलेना. आजारी पडेपर्यंत भाऊ बायकोसमोरसुद्धा कधी उघड्या अंगाने वावरले नव्हते. त्या माणसाची एवढी तरी अब्रू राखायची होती. आणि फोन केला आणि ती म्हणाली, काकू, मग तुमचा नंबर गेला, तर?

त्या डबी घेऊन संडासात गेल्या आणि कडी लावली. त्यांचं स्वतःचं पोटही गेली दोन-तीन वर्षं रोजचं राहिलं नव्हतं, पण त्या दिवशी नेमकं देवाने ऐकलं. साडेतीनला डबी पिशवीत, पावणेचारला गाडी. डबीवर भाऊंचं नाव आणि क्रमांक आधीच छापलेला होता.

मनाशी त्यांनी हिशोब असा मांडला की दोघं एकाच घरात, एकाच ताटातलं खाणारी, बेचाळीस वर्षं. ह्यांच्या आतड्यात काय आणि माझ्या आतड्यात काय, वेगळं ते किती असणार. मला तर काही आजार नाही, म्हणजे नमुना चांगलाच निघेल. त्यांना वाटेल, उजेडाने सुधारला. कुणाचं काय जातंय.

दुसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता भाऊंनी संडासातून हाक मारली. "चित्रा, झालं गं. डबी आण."

चित्राताई दाराशी गेल्या आणि चौकटीला धरून उभ्या राहिल्या. "दिली काल," त्या म्हणाल्या. "परवा थोडं झालं होतं तुम्हाला, ते काढून ठेवलं होतं."

भाऊंनी आतून नळ बंद केला. मग म्हणाले, "बरं."

त्यानंतर एप्रिल आला. यंदा मंजुळाने मसाला घरी करायला घेतला आणि नेहमीप्रमाणे चित्राताईंना बोलावलं. त्या कढईपासून हातभर लांब उभ्या राहिल्या, मान जरा वर केली आणि म्हणाल्या, "अजून दोन मिनिटं." मंजुळा त्यांच्याकडे बघत राहिली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं होतं, ते धुराचं असावं. मग तिने गॅस बंद केला आणि कढई खिडकीत नेऊन ठेवली. धणे काळे झाले होते. "जुना माल दिला तुला वाण्याने," चित्राताई म्हणाल्या, "जुने धणे लवकर करपतात." मंजुळा म्हणाली, "हो, असेल." आणि विषय बदलला. त्या महिन्यात पंधरापैकी तीन घरांनी, या वेळी मसाला जरा कडवट लागतोय हो, असं सांगितलं. चित्राताईंनी तिघींनाही वाण्याचं नाव सांगितलं.

मे महिन्यात सोनलचा फोन आला. गुप्ते मॅडमना भेटायचंय, काकूंनाच, काकांना आणू नका. उर्वीताईला आणलंत तरी चालेल. चित्राताईंनी उर्वीला सांगितलं की नुसती सही करायचीय, तू रजा टाकू नकोस. पट्टाच द्यायला बोलावतायत, अशी त्यांची खात्री होती. त्यांनी जाताना मोठी कापडी पिशवीसुद्धा घेतली होती.

भाऊंजवळ मंजुळाला बसवून त्या एकट्या गेल्या.

गुप्ते मॅडमनी दार लावून घेतलं. सोनल कोपऱ्यातल्या खुर्चीत मान खाली घालून बसली होती. "काकू, शौचात माणसाच्या स्वतःच्या पेशीही थोड्या येतात," मॅडम म्हणाल्या. "त्यावरून बाई की पुरुष हे कळतं. तिसरा नमुना बाईचा आहे."

पिशवी मांडीवर होती. चित्राताई तिची घडी घालू लागल्या. "माझा," त्या म्हणाल्या. "ह्यांना सहा दिवस झाली नव्हती. गाडी निघाली होती."

"फोन का नाही केलात काकू?" सोनलला राहवलं नाही. "मी दोन दिवस पुढे ढकललं असतं. सगळ्यांचंच होतं असं. बारा जणांचं ढकललं मी."

"दुसऱ्या दिवशी सकाळी झाली त्यांना," चित्राताई म्हणाल्या.

 मग गुप्ते मॅडमनी जे होतं ते सांगून टाकलं. चुकीचा नमुना जाणूनबुजून दिला गेला, ते त्यांना वरती कळवावं लागलं, आणि भाऊंना पुढच्या टप्प्यात घेता येणार नाही. पट्टा मिळणार नाही. चूक कुणाचीही असो, नियम असा आहे.

"माझ्यामुळे," चित्राताई म्हणाल्या.  "दुसरा काही मार्ग असेल तर सांगा. मी पाया पडते तुमच्या. ते स्वतःचे वळायला लागले होते हो."

"काकू, पट्ट्याने वळायला लागले असं मी आजही म्हणू शकत नाही. चाळीस जणांचं सगळं हाती आल्यावर कळेल, कदाचित काहीच नाही असंही कळेल." मॅडमनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. "पण मी तुम्हाला एवढ्यासाठी बोलावलेलं नाही. हे फोनवरही सांगता आलं असतं."

चित्राताईंनी पिशवीची घडी पुन्हा उलगडली.

"एका नमुन्यावरून कुणाला आजार आहे असं म्हणता येत नाही. म्हणूही नये. तुमचा नमुना भाऊंच्या पहिल्या नमुन्यासारखा आहे, आणि त्याचं कारण एका घरात राहता, एकच जेवता, एवढंही असू शकेल. तो कागद बाजूला ठेवा. पण तो बघितल्यावर मला सोनलने एक गोष्ट सांगितली. बाटल्यांची."

गुप्ते मॅडमनी खणातून एक बाटली काढली, नवी, सील असलेली. सील फोडून ती पुढे केली. चित्राताईंनी ती घेतली आणि नाकाशी धरली. सवयीने डोळे मिटले. बाहेर घोडबंदरच्या गाड्यांचे हॉर्न ऐकू येत होते. त्यांनी बाटली दुसऱ्या नाकपुडीशी धरली. मग डोळे उघडून बघितलं तर सोनलने नाकावर रुमाल धरला होता.

"काय आहे यात?" चित्राताईंनी विचारलं.

"हिंग," सोनल म्हणाली.

हिंग. पुडी बंद असताना शेजारच्या घरात कळतं ते हिंग.

मॅडम मग बराच वेळ प्रश्न विचारत होत्या. पोट कधीपासून? खांदा कधीपासून? चालताना डावा हात हलतो का? त्यांनी बोटं भराभर उघड-मीट करायला सांगितली. उजव्या हाताची झाली. डाव्या हाताची चार वेळा झाली आणि मग नुसती मिटून राहिली. "वास जाणं, खांदा आखडणं, ही भाऊंच्याच आजाराची पहिली चिन्हं असू शकतात. अजून तपासण्या करायच्यात," मॅडम म्हणाल्या, "आणि लवकर कळलंय, गोळ्या आहेत, व्यायाम आहे. पण उर्वीला घेऊन या." मग त्यांनी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "काकू, मला माफ करा. तीन महिने दर सोमवारी तुम्ही माझ्यासमोर त्या खुर्चीत खांदा चोळत बसत होतात. मी पेशंटकडे बघत होते."

येताना गाडी कापूरबावडीला अर्धा तास उभी होती. चित्राताईंनी तेवढ्यात ठरवलं की यातलं भाऊंना काही सांगायचं नाही. पट्ट्याचं पुढे बघू. एखाद-दोन महिने उशीर आहे म्हणायचं, मग मशीन बिघडलं म्हणायचं. आजारी माणूस आशेवर चार दिवस बरा राहतो. आणि स्वतःचं तर सांगायचा प्रश्नच नव्हता. उचलणाऱ्याचेच हात गेले हे ज्याला उचलायचं त्याला कसं सांगणार?

मंजुळा वर गेल्यावर भाऊंनी लगेच विचारलं, "पट्टा?"

"पुढच्या महिन्यात म्हणाल्या. कंपनीकडून यायचाय."

"बरं," भाऊ म्हणाले. मग त्यांनी टेबलाच्या खणाकडे बोट दाखवलं. "तो पुठ्ठा काढ."

नकाशांच्या दोन पुठ्ठ्यांच्या मध्ये कागद, वर फीत बांधलेली. कारखान्यातली सवय, काहीही जपायचं तर असंच. चित्राताईंना वाटलं, कुठल्या जुन्या यंत्राचा नकाशा असेल. त्यांनी फीत सोडली. आत एका कोऱ्या कागदावर मसाल्याच्या बरण्यांची लेबलं ओळीने चिकटवलेली होती. रिकाम्या बरण्या धुवायच्या आधी भाऊ पाण्यात भिजवून लेबलं सोडवतात हे त्यांना माहीत होतं. वेळ जात नाही म्हणून करत असतील, असं त्या समजायच्या. गोडा मसाला, एप्रिल. पाच वर्षांची पाच लेबलं, सगळी चित्राताईंच्याच हातची. प्रत्येकाच्या बाजूला पेन्सिलीने बारीक थरथरत्या अक्षरात आकडा, लेबलावरच्या अक्षराच्या उंचीचा. सहा मि.मी. साडेपाच. पाच. चार. आणि यंदाच्या, जास्तीच्या उरलेल्या लेबलाला साडेतीन.

"मोजपट्टीने मोजलंय," भाऊ म्हणाले. एका दमात त्यांना चार-पाच शब्दच जमत. "माझंही असंच झालं होतं. मागच्या वर्षी चारवर आलीस. तेव्हाच कळलं मला."

चित्राताई लेबलांकडे बघत खाली बसल्या.

"म्हणून हो म्हटलं त्यांना. पट्टा घरी देणार म्हणाल्या, म्हणून." भाऊंनी श्वास घेतला. "माझं काय राहिलंय. तू लाव तो. सहा महिने तूच लाव. त्यांना कुठे दिसतंय."

"मला सांगितलं का नाहीत?"

"सांगून? मसाला बंद केला असतास. मला उचलायला भ्यायली असतीस."

मग चित्राताईंनी सगळं सांगितलं. आता पुढे खोटं रेटणं त्यांना जमलंच नसतं. पट्टा मिळणार नाही. कधीच नाही. तिसरी डबी माझी होती. भाऊ म्हणाले, "ते मला त्याच सकाळी कळलं. माझं पोट मला कळत नाही का?" पण रागावले नाहीत. त्यांचा चेहरा होता तसाच होता. रागावले असते तर बरं झालं असतं, असं चित्राताईंना वाटलं. त्यांनी पुठ्ठे एकावर एक ठेवले आणि फीत बांधायला घेतली. डाव्या हातात टोक राहीना. भाऊंनी आपलं बोट गाठीवर ठेवून ती धरायचा प्रयत्न केला, ते थरथरत बाजूला सरकलं. दोघांनी तीन-चारदा करून बघितलं आणि मग ती फीत तशीच सोडून दिली.

"आता आपल्याला कोण बघणार हो?" चित्राताई म्हणाल्या.

फोन वाजला. उर्वीचा होता. ऑफिसातून निघाली असावी, मागे गाड्यांचा आवाज होता. "आई, झाली का सही? काय म्हणाल्या मॅडम? मिळणार ना पट्टा?"

भाऊंनी मानेनेच नाही म्हटलं, म्हणजे आज नको सांगूस. चित्राताईंनी फोन डाव्या हातातून उजव्या हातात घेतला.

"उर्वी," त्या म्हणाल्या, "तू बाई ठेवायचं म्हणत होतीस ना गं."

"हो. का? काय झालं?"

"बघ एखादी. दोघांना बघेल अशी."